प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी

मुंबईच्या फोर्ट विभागात हॉर्निमन सर्कलसमोर एशियाटिक सोसायटीची इमारत आहे. जुने मुंबईकर तिला अजूनही टाउन हॉल म्हणतात. १८३३ मध्ये ती बांधून खुली झाली. समोर तीसएक दगडी पायऱ्या, वर डोरिक घाटाचे जाड खांब आणि आत लाखाहून अधिक ग्रंथ. एरवी या पायऱ्या चढणारा माणूस बहुधा सभासद असतो, संशोधक असतो किंवा त्याच इमारतीतील राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात काम काढून आलेला असतो. बाकीचे लोक पायऱ्यांवर घटकाभर बसतात, छायाचित्र काढतात आणि खाली उतरतात. बुद्धपौर्णिमेच्या निमित्ताने मात्र जेव्हा सोसायटीजवळचे सोपाऱ्याचे अवशेष लोकांसाठी मांडले जातात, तेव्हा त्याच पायऱ्या शुभ्र वस्त्रांतील उपासक-उपासिकांसाठी असतात. ग्रंथालयाच्या दारात चपला काढून, हात जोडून आत जाणारा वाचक हा आपल्याकडील ग्रंथालयशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. आम्हांला तो फार महत्त्वाचा वाटतो, आणि या स्मरणिकेतील आमची चार पाने त्याच्यासाठीच आहेत.

हे अवशेष काय आहेत ते आधी सांगितले पाहिजे. १८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील एक टेकाड खणले. गावकरी त्या जागेला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. कोण हा बुरुड राजा, हे सांगणारा कागद नाही. परंतु बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या जातीच्या नावाने एका टेकाडाला राजपद मिळावे आणि त्या टेकाडाच्या पोटातून स्तूप निघावा, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना नेहमीच आवडते. स्तूपाच्या मध्यभागी दगडाचा एक गोल करंडक होता. त्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ छोट्या कांस्यमूर्ती होत्या: सात बुद्धांच्या आणि एक मैत्रेयाची. तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. भगवानलालांच्या मते ते तथागतांच्या भिक्षापात्राचे असावेत असे स्तूप बांधणाऱ्यांनी मानले होते. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे होते. एवढी सारी धातूंची उतरंड कशासाठी, तर मातीच्या खापरासाठी. अवशेष पाहून आलेला प्रत्येक मनुष्य हे सांगताना आवाज खाली आणतो, असा आमचा अनुभव आहे.

भगवानलालांविषयीही दोन शब्द. ते जुनागढचे, जन्म १८३९ चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे देशभर फिरून शिलालेखांचे ठसे घेतले. ते आपली टिपणे गुजरातीत लिहीत आणि इतर विद्वान त्यांचे इंग्रजी करीत. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतलेली नव्हती. पुढे लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाने डॉक्टरेट दिली. सोपाऱ्याच्या शोधाचा त्यांचा वृत्तांत त्याच १८८२ साली सोसायटीच्या नियतकालिकासाठी सिद्ध झाला. म्हणजे वस्तू आणि तिच्याविषयीचा ग्रंथ, दोन्ही एकाच छपराखाली आहेत. वस्तुसंग्रहालयाजवळ वस्तू असते. ग्रंथालयाजवळ वस्तू आणि तिच्याविषयीचे पहिले वाक्य, अशी दोन्ही असू शकतात. मोठ्या ग्रंथालयाने प्रदर्शन का भरवावे, या प्रश्नाला आमच्या मते याहून चांगले उत्तर नाही.

येथून आमच्या मतभेदाला प्रारंभ होतो. ग्रंथालयांत आज प्रदर्शने भरत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव होतात. नाशिकच्या १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाला स्वतःचे वस्तुसंग्रहालय आणि नाट्यगृह आहे. पणजीतील कृष्णदास शामा ग्रंथालयाचा प्रारंभ १८३२ चा; पाटो येथील त्याच्या नव्या इमारतीत प्रदर्शने आणि कार्यक्रम होतच असतात. पुण्यात २०२३ च्या डिसेंबरापासून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरू लागला आणि पहिल्याच वर्षी त्याला लोटलेली गर्दी पाहून पुस्तके कोणी वाचत नाही ही तक्रार काही दिवस तरी बंद झाली. आमच्या शहरातही २०१६ च्या जानेवारीत एकोणनव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. उणीव आहे ती दुसऱ्या दिवसाची. प्रदर्शन उतरवल्यानंतर, मांडव सोडवल्यानंतर, काल आलेला मनुष्य आज पुन्हा त्या दारातून आत जाऊ शकतो काय? गेला तर त्याला बसायला खुर्ची, मागायला पुस्तक आणि विचारायला माणूस मिळतो काय? मोठ्या ग्रंथालयाच्या सांस्कृतिक कार्यक्रमाची परीक्षा उद्घाटनाला किती मान्यवर होते यावर होऊ नये. ती या प्रश्नावर व्हावी.

हा प्रश्न आम्ही अट्टहासाने विचारतो, कारण दाराचा इतिहास आम्हांला ठाऊक आहे. एशियाटिक सोसायटीची मूळ संस्था १८०४ साली निघाली, आणि पहिल्या हिंदी गृहस्थास, माणकजी कर्सेटजींस, तिचे सभासदत्व मिळाले ते १८४० मध्ये. त्यानंतर अर्धशतकाने, १८९२ मध्ये, न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग तिचे अध्यक्ष झाले. हा पायऱ्या चढण्याचा वेग होता, आणि तोही मुंबईतील सधन, सुशिक्षित आणि प्रतिष्ठित मंडळींचा. गावकुसाबाहेरच्या माणसाचा हिशेब वेगळाच. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला, ज्याच्या आधाराने पुढे १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या ठरावात अस्पृश्यांना खुल्या करावयाच्या सार्वजनिक जागा सांगितल्या आहेत: पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने. ग्रंथालयाचा उल्लेख नाही. दोष ठरावाचा म्हणता येणार नाही. त्या काळी सरकारी खर्चाने चालणारी आणि सर्वांसाठी असलेली ग्रंथालये होतीच किती? परंतु जी जागा मागायचीही कोणाला सुचली नाही, ती जागा आपली आहे असे वाटायला पुढच्या पिढ्यांना वेळ लागतो. सार्वजनिक विहिरीवर घागर घेऊन जाणे हा हक्क आहे हे आज आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला कळते. सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन दुर्मीळ ग्रंथ मागणे हाही तसाच हक्क आहे, हे त्याला मुद्दाम सांगावे लागते, आणि सांगितले तरी त्याचा चटकन विश्वास बसत नाही.

त्याचे कारण आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी चाळीस मुलामुलींना घेऊन आम्ही एका मोठ्या ग्रंथालयातील हस्तलिखितांचे प्रदर्शन पाहायला गेलो. ग्रंथालयाचे नाव घेण्याचे कारण नाही. कोणाचेही घेता आले असते. दोऱ्या बांधून रांग केली होती, आणि वीस मिनिटांत सर्वांनी दुसऱ्या दाराने बाहेर पडायचे होते. काचेच्या पेटीत एक पोथी उघडून ठेवली होती. सातवीतल्या एका मुलीने तेथील कर्मचाऱ्यास विचारले, “याच्या आधीच्या पानावर काय लिहिलंय?” त्याने उत्तर दिले, “पुढे चला.” बाहेर पडताना वाचनकक्षाचे दार लागले. आत दिवे होते, पंखे फिरत होते, बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि दारावर ‘फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी होती. मुले काही बोलली नाहीत. परतीच्या गाडीत त्या मुलीने मात्र तोच प्रश्न आम्हांला पुन्हा विचारला.

त्या कर्मचाऱ्याचा राग आम्हांला आला नाही. त्याला रांग पुढे सरकवण्याचे काम दिलेले होते, पोथी वाचण्याचे नव्हते. ज्यांनी कार्यक्रम आखला त्यांच्या योजनेत त्या मुलीचा प्रश्न नव्हता, आमचा रोख तेवढ्यावरच आहे.

सोपाऱ्याच्या मातीतूनच याचे उत्तर निघाले आहे. त्याच १८८२ साली भगवानलालांना तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. तो तुकडा आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे; एशियाटिकच्या पायऱ्या उतरून काळा घोड्याच्या दिशेने चालू लागले की थोड्या वेळात तेथे पोहोचता येते. सोपाऱ्याच्या तुकड्यावर मोजकीच अक्षरे उरली आहेत, पण गिरनार आणि इतर ठिकाणच्या प्रतींवरून संपूर्ण लेख आपल्याला माहीत आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे मृगया आणि मनोरंजनाच्या सफरीला निघत. आपण मात्र बोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, असे अशोक सांगतो. या धम्मयात्रेत काय होते? श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि दान, वृद्धांची भेट आणि त्यांना साहाय्य, जनपदातील लोकांची भेट, त्यांना धम्माचा उपदेश आणि शेवटी ‘धंमपरिपुछा’. परिपुच्छा म्हणजे विचारपूस, चौकशी, प्रश्नोत्तर. राजा गावात आला आणि लोकांनी केवळ त्याचे दर्शन घेतले, एवढ्यावर ती यात्रा संपत नव्हती. तेथे प्रश्न होते.

आजच्या ग्रंथालयीन कार्यक्रमांकडे या लेखाच्या उजेडात पाहिले, तर बहुतेक कार्यक्रम विहारयात्रेच्या बाजूला पडतात, आणि हे म्हणताना आम्हांला आनंद होत नाही. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत, अध्यक्षीय समारोप, आभार. आणि आभारांच्या आधीच निम्मी सभा चहाकडे. (पुस्तकांच्या घरात पाहुण्यांना पुष्पगुच्छ का देतात, हे कोडे आम्हांला आजवर उलगडलेले नाही.) प्रदर्शनातील ग्रंथ त्या वेळी मागच्या भिंतीला पाठ लावून उभे असतात. पुस्तकाचे मुखपृष्ठ सर्वांना दिसते, पान कोणी उलटत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ग्रंथालयाशी आयुष्य घालवलेली माणसे आम्हांला सांगतात की जुने कागद प्रकाशाने मरतात. हस्तलिखितावर पन्नास लक्सच्या आसपासच उजेड असावा, असा जतनशास्त्राचा संकेत आहे. हाताळणीने पोथीच्या कडा झिजतात. गर्दीच्या श्वासाने दालनातली आर्द्रता वाढते. शांततेचाही प्रश्न आहे: एका कोपऱ्यात संशोधक टिपणे काढीत असताना दुसऱ्या कोपऱ्यात ध्वनिवर्धक लावायचा काय? या अडचणी खोट्या नाहीत. त्यांचे निवारण मात्र दोरी बांधून होत नाही. मूळ पोथी काचेत मंद उजेडात ठेवावी आणि तिच्या शेजारी टेबलावर तिची छापील प्रतिकृती ठेवावी. त्या प्रतिकृतीची पाने कोणीही उलटावीत, फाटली तर दुसरी छापावी. आमच्या मुलीला आधीचे पान तेथेच मिळाले असते.

अशी दृष्टी असलेला कारभार मराठी माणसाने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवला आहे. १९१० साली महाराज सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. बडोद्यास मध्यवर्ती ग्रंथालय झाले, त्यात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र सोय झाली. खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तके जाऊ लागली. या खात्यात दृश्य शिक्षणाची एक वेगळी शाखा होती. तिच्याजवळ जादूचे दिवे होते, द्विनेत्री चित्रे होती, चलच्चित्रे दाखवण्याचे यंत्र होते. ज्याला अक्षर येत नाही तोही ग्रंथालयाचा माणूस आहे, त्याला आधी चित्र दाखवा, असा त्यामागचा विचार दिसतो. चित्रांचा खेळही तिथलाच आणि पुस्तकांची पेटीही तिथलीच, एकाच खात्याची. पाहणे आणि वाचणे यांत खंदक नव्हता. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली एक तरुण कोलंबिया विद्यापीठात गेला आणि पुढे मुंबईत हिंदू कॉलनीत त्याने पुस्तकांसाठी घर बांधले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. त्या तरुणाने पुढे संस्था काढल्या त्याही शिक्षणाच्या: १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, त्यानंतर औरंगाबादचे मिलिंद.

बाबासाहेबांच्या या वारशामुळे एक विलक्षण गोष्ट घडली आहे, जिची दखल ग्रंथालयविश्वाने पुरेशी घेतलेली नाही. दर ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीजवळ शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांची जी दुकाने लागतात, तेवढी पुस्तकगर्दी आम्ही अन्यत्र पाहिलेली नाही. रात्रभर रेल्वेच्या डब्यात उभ्याने आलेला माणूस डब्यातली भाकरी खातो आणि उरलेल्या पैशांतून पुस्तक विकत घेतो. निवडतानाही घाई नसते. पदर खोचून बाई ओळ न् ओळ वाचून पाहते, न आल्यास नातवाकडून वाचून घेते. तेथे उद्घाटक नाही, फीत नाही. ग्रंथालयांना वाचक मिळत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी एकदा तेथे जाऊन उभे राहावे. वाचक आहे, तो ग्रंथालयात नाही एवढेच.

या लोकांना ग्रंथालयात आणायचे तर बुद्धपौर्णिमेसारखा दिवस हे दार होऊ शकते. म्हणून सोपाऱ्याच्या अवशेषांचे उदाहरण आम्ही प्रारंभीच घेतले. आमची सूचना अशी. जेथे जेथे असे अवशेष, हस्तलिखिते किंवा दुर्मीळ ग्रंथ मांडले जातील, तेथे भगवानलालांसारख्यांचे मूळ वृत्तांत त्या पानावर उघडून ठेवावेत आणि शेजारी त्यांचे सुबोध मराठी रूप ठेवावे, जे हातात घेऊन बसता येईल. पूर्णाची कथा सांगावी: सोपाऱ्याचा व्यापारी, जो तथागतांचा भिक्खू झाला आणि ज्याच्यासाठी चंदनाचा विहार उभा राहिल्याची गोष्ट बौद्ध साहित्यात आहे. प्रदर्शन पाहून निघणाऱ्यास एक दिवसाचे वाचकपत्र द्यावे. ते दाखवून त्या वर्षात केव्हाही एकदा वाचनकक्षात बसता यावे. खर्च कागदाच्या तुकड्याचा आहे. शंभरांतील दोघे आले तरी ते दोघे कोठून आले, हे पाहण्यासारखे असेल.

जगातील मोठी ग्रंथालयेही या पेचातून सुटलेली नाहीत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने २०१९ च्या ऑक्टोबरपासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत बौद्ध धम्मावर मोठे प्रदर्शन भरवले होते. त्याच ग्रंथालयाच्या संग्रहात तुन्ह्वांगच्या गुहेतून गेलेले वज्रच्छेदिका सूत्राचे चिनी मुद्रण आहे. छापल्याची तारीख असलेला हा जगातला सर्वांत जुना ज्ञात ग्रंथ. साल इसवी ८६८. त्याच्या शेवटी नोंद आहे की वांग जिए नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांच्या नावाने, सर्वांना मोफत वाटण्यासाठी तो करविला. वाटण्यासाठी छापलेला ग्रंथ आज तापमान मोजलेल्या कोठडीत आहे, आणि तसा तो असायलाही हवा, नाहीतर उरणार नाही. पण त्या वांग जिएचा हेतू पुरा करण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यात ग्रंथ आहे त्याच्यावर येते. ब्रिटिश लायब्ररीने सूत्राची चित्रे जगभर कोणालाही पाहता येतील अशी महाजालावर ठेवली, हे त्याच दिशेचे पाऊल. शिवाजी पार्कवर दहा-वीस रुपयांना वंदनेची पुस्तिका विकणारा, आणि ज्याच्याजवळ तेवढेही नाहीत त्याला ती तशीच देणारा माणूस, हा वांग जिएचाच वंशज म्हणायचा.

आता आमच्या गावाविषयी. पिंपळे सौदागर हे पन्नास वर्षांपूर्वी पवनेकाठचे शेतीचे गाव होते. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. कारखान्यांच्या पाठोपाठ वसाहती आल्या, त्यांच्या पाठोपाठ संगणक कंपन्यांत काम करणारी कुटुंबे आली आणि कोकणे चौकापासून कुणाल आयकॉन रस्त्यापर्यंत उंच गृहसंकुले उभी राहिली. या संकुलांतील मुलांजवळ पुस्तके आहेत. आमच्या वसतिगृहातील मुलांजवळ, ज्यांचे पालक वीटभट्टीवर, ऊसतोडीवर किंवा चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर आहेत, ती नाहीत. दोघांना एकत्र आणणारी जागा शाळा नाही, कारण शाळा वेगवेगळ्या आहेत. मैदानही नाही. आमच्या मते ती जागा ग्रंथालयच होऊ शकते, आणि तेही असे ग्रंथालय की जेथे वर्षभर काही पाहण्यासारखे, ऐकण्यासारखे चाललेले असते. नाटकाविषयी हे शहर हक्काने बोलते. चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरला आचार्य अत्रे रंगमंदिर, सांगवीला निळू फुले रंगमंदिर. तेथील ध्वनियंत्रणा बिघडली तरी वर्तमानपत्रात बातमी येते. ग्रंथालयाच्या खिडकीची काच फुटली तर बातमी येत नाही. ती यावी एवढे ग्रंथालय लोकांचे झाले पाहिजे.

आणि प्रदर्शनाला विषय कमी आहेत असे कोण म्हणेल? कासारवाडीच्या स्थानकावरून लोणावळ्याची लोकल धरली की मळवलीला उतरता येते. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. वाटेत देहूरोड लागते, जेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हातांनी बुद्धमूर्ती बसवली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका खांबावर ब्राह्मी लेख आहे: हा खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचे दान आहे, आणि खांब ‘सशरीर’, म्हणजे धातुअवशेष असलेला आहे. भाणक म्हणजे सूत्रे मुखोद्गत ठेवून लोकांसमोर म्हणून दाखवणारा भिक्खू. लेखनसामग्री दुर्मीळ होती त्या काळी हीच माणसे चालतीबोलती ग्रंथालये होती. आणि त्यांचे वाचन कधी एकट्याचे नव्हते, ते सभेतच होई. ग्रंथालयात कार्यक्रम असावेत की नसावेत हा वाद सातिमिताला समजलाच नसता. सोपाऱ्याहून घाट चढून तो आमच्या या मावळात आला, पाठ केलेले त्याने म्हटले असेल, लोकांनी विचारले असेल, आणि जाताना एक खांब देऊन गेला.

आमच्या शाळेचे ग्रंथालय मोठे नाही. दोन खोल्या आणि एक व्हरांडा. तरी या विषयावर केवळ दुसऱ्यांना उपदेश करून थांबणे बरे दिसणार नाही, म्हणून पुढील बुद्धपौर्णिमेची योजना येथेच नोंदवून ठेवतो. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील निवडक लेखांची मोठी छायाचित्रे, त्यांचे अक्षरांतर आणि मराठी अर्थ व्हरांड्यात मांडले जातील. आठवी-नववीचे विद्यार्थी दोन महिने ब्राह्मी अक्षरे गिरवीत आहेत. प्रत्येक लेखाशेजारी त्यांच्यापैकी एक जण उभा राहील, आणि येणाऱ्याने त्याला प्रश्न विचारायचे आहेत. त्याला उत्तर आले नाही तर तो वहीत प्रश्न उतरवून घेईल आणि विचारणाऱ्याचा पत्ताही. परिसरातील गृहसंकुलांना निमंत्रणे जातील, तशीच आमच्या शेजारच्या बांधकामांवरील मजुरांच्या वस्त्यांनाही. भाषणे नाहीत. उद्घाटन जो पहिला येईल तो दार ढकलून करील.

प्रदर्शन एका दिवसाचे आहे, परंतु दोन्ही खोल्या त्यानंतरचे सात दिवस सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत कोणासाठीही उघड्या राहतील. पुस्तक घरी नेण्यासाठी अनामत नाही, ओळखपत्र नाही. नाव आणि राहण्याचे ठिकाण सांगितले की पुरे. काही पुस्तके परत येणार नाहीत, असे आमच्या ग्रंथपालांचे मत आहे. त्यासाठी त्यांनी नोंदवहीत एक रकाना आधीच आखून ठेवला आहे.